बिळाबाहेरचा कुत्रा

इंग्लंडमधल्या माणसाने टेरिअर जातीच्या कुत्र्याकडून पिढ्यानपिढ्या एकच अपेक्षा ठेवली. बिळात शिरायचं, आत कोल्हा असेल त्याच्या तोंडावर भुंकत राहायचं आणि माघार घ्यायची नाही. जॉन रसेल नावाचा पुढे डेव्हनमध्ये पाद्री झालेला तरुण १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत होता. तिथे त्याने एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली. आजच्या जॅक रसेल टेरिअरचा वंश तिच्यापासून सांगतात. या कुत्र्याची छाती माणसाच्या दोन पंजांच्या वेढ्यात मावायला हवी अशी जुनी कसोटी आहे, कारण छाती भरदार झाली की कुत्रा कोल्ह्याच्या बिळात अडकतो. बॉर्डर, लेकलँड, पॅटरडेल ही उत्तरेच्या डोंगराळ मुलखातली टेरिअरची भावंडंही अशाच कामासाठी घडवलेली. धिटाई, हट्ट आणि आवाज हे तीन गुण निवडून निवडून त्यांच्या रक्तात मुरवले गेले.

सशांच्या शिकारीत फेरेट नावाचा छोटा पाळीव प्राणी सोबत आला, की याच कुत्र्याला रक्तातलं सगळं बाजूला ठेवावं लागतं. बिळात उतरण्याचं काम तिथे फेरेटचं. कुत्र्याने बाहेर थांबायचं, आवाज काढायचा नाही, माती उकरायची नाही. आणि बिळाच्या तोंडातून लांब अंगाचा, उग्र वासाचा, घुशीएवढा केसाळ प्राणी बाहेर आला तर त्याला हुंगून वाट द्यायची. घूस दिसली की उचलून झटक्यात मारणारा हा कुत्रा. त्याच्याकडून एवढा संयम कसा मिळवतात, आणि ज्या सशांसाठी हा खटाटोप चालतो ते ससेच कमी होत चालले असताना ही विद्या टिकणार कशाच्या आधारावर, हे पाहायला मी गेल्या हिवाळ्यात पूर्व इंग्लंडमधल्या ब्रेकलँड भागात गेले होते.

ब्रेकलँड म्हणजे नॉरफक आणि सफक या दोन काउंटींच्या सीमेवरचा रेताड मुलूख. पाऊस कमी, जमीन हलकी, नांगराला सोपी पण पिकाला कंजूस. थेटफर्ड हे इथलं मुख्य गाव. भारतीय माणसाला हे गाव एका वेगळ्याच कारणाने जवळचं वाटतं. रणजितसिंगांचा धाकटा मुलगा महाराजा दुलीपसिंग पंजाबचं राज्य गमावल्यावर इंग्लंडला नेला गेला आणि १८६३ पासून थेटफर्डजवळच्या एल्व्हडन इस्टेटीचा मालक झाला. त्या काळच्या इंग्लंडमधल्या नावाजलेल्या बंदूकबाजांत त्याची गणना होई. त्याचं थडगं एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात आहे आणि थेटफर्डला नदीपाशी त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. गावात उतरल्यावर मी आधी तिकडे गेले. पण या मातीवर सशांचं राज्य दुलीपसिंगाच्याही सातशे वर्षं आधीपासून चालू होतं.

हा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालचा. नॉर्मन लोकांनी तो बाराव्या शतकात मांसासाठी आणि मऊ कातड्यासाठी ब्रिटनमध्ये आणून वसवला. सुरुवातीला तो इतका नाजूक होता की त्याला बीळ करायला सोपं जावं म्हणून माती भुसभुशीत करून उंचवटे रचून देत. अशा राखीव जागेला ‘वॉरन’ म्हणत आणि ती राखणारा तो वॉरनर. थेटफर्डच्या मठाच्या प्रमुखाने १४०० च्या सुमारास बांधलेली वॉरन लॉज आजही पाइनच्या जंगलात उभी आहे. गारगोटीच्या जाड भिंती, वर अरुंद खिडक्या, खाली मारलेल्या सशांची साठवण आणि वरच्या मजल्यावर राखणदाराचा मुक्काम. चोर हत्यारबंद टोळ्यांनी येत, म्हणून सशांच्या राखणीसाठी एवढी तटबंदी. १३९० च्या कायद्याने तर ज्याच्याकडे वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नाही अशा माणसाला शिकारी कुत्रा, फेरेट आणि जाळी बाळगायलाच मनाई केली. गरिबाच्या घरात फेरेट सापडणं हा पुरावा ठरे. फेरेटवाल्याच्या वागण्यात आजही जे थोडं लपूनछपून असल्यासारखं वाटतं, त्याची मुळं इतकी खोल आहेत. कुळाने कसलेल्या जमिनीवरचे ससे मारण्याचा हक्क त्या कुळाला मिळायला १८८० साल उजाडावं लागलं.

आपल्या माळावर किंवा तुरीच्या शेतात उठतो तो ससा वेगळ्या जातीचा आहे, हे इथे सांगायला हवं. तो बीळ करत नाही. गवतात दबून बसतो आणि त्याची पिल्लं डोळे उघडे घेऊनच जन्मतात. लातूर भागातले कारवान आणि पश्मी कुत्रे त्याच्यामागे उघड्या रानात धावण्यासाठी पाळले जात. आता वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे. युरोपातल्या सशाचं सगळं आयुष्य जमिनीखालच्या बोगद्यांभोवती फिरतं. त्याची पिल्लं आंधळी, बिनकेसांची जन्मतात, आणि धोका दिसला की अख्खी वसाहत क्षणात जमिनीत गडप होते. त्याला बाहेर काढायला जमिनीत शिरणारा कुणीतरी हवा.

तो कुणीतरी म्हणजे फेरेट. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याचा हा माणसाळवलेला वंशज आपल्या मुंगसाहून लहान असतो. मादी किलोच्या आत-बाहेर, नर तिच्या जवळजवळ दुप्पट. दिवसाचा बराचसा वेळ झोपेत जातो. नजर अधू, नाक तिखट. ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनचं वर्णन करताना लिहून ठेवलंय, की तिथले लोक आफ्रिकेतून आणलेल्या अशाच एका प्राण्याला मुसकं बांधून सशांच्या बिळात सोडतात आणि बाहेर पळणारे ससे वर उभी असलेली माणसं धरतात. प्लिनीने तर बालेआरिक बेटांवरच्या लोकांनी सशांच्या उच्छादाला कंटाळून सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची कुमक मागितल्याचं नोंदवलं आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘क्वीन मेरी सॉल्टर’ या इंग्रजी हस्तलिखितात एका पानाच्या तळाशी दोन बायका बिळावर जाळं लावून फेरेटने ससा काढताना रंगवल्या आहेत. ते चित्र दाखवून आजच्या एखाद्या फेरेटवाल्याला यात काय चाललंय असं विचारलं, तर तो न अडखळता सांगेल. इतकं थोडं बदललं आहे.

ज्यांच्याबरोबर मी गेले त्यांनी नाव छापू नका असं आधीच बजावलं होतं. कारण साधं होतं. कोणत्या शेतावर ससे आहेत हे छापून आलं की रात्री परवानगीवाचून येणाऱ्या टोळ्यांना आयता पत्ता मिळतो, आणि मग मालक सगळ्यांनाच दार बंद करतो. ते सत्तरीचे आहेत. हयात ट्रॅक्टर चालवण्यात गेली. त्यांची मॉस ही बॉर्डर टेरिअर जातीची कुत्री आता दहा वर्षांची आहे. तिच्याबरोबर त्या हिवाळ्यात एक पिल्लूही होतं, सात-आठ महिन्यांचं. त्यामुळे शिकलेला आणि शिकणारा असे दोन्ही कुत्रे मला एकाच बांधावर पाहायला मिळाले.

फेरेटशी ओळख पिल्लू दोन महिन्यांचं असतानाच सुरू होते. आधी फक्त तारेच्या जाळीपलीकडून. फेरेटचा वास घराचाच एक वास व्हावा, एवढाच त्यामागचा हेतू. मग मालक खुर्चीवर बसतो, फेरेट हातात आणि पिल्लू पायाशी. पिल्लू उड्या मारू लागलं की फेरेट परत पेटीत जातो. शांत बसलं की पुन्हा बाहेर येतो. इथे वापरायची फेरेटची मादी मुद्दाम जुनी, अनुभवी निवडतात, कारण आगाऊ पिल्लाच्या नाकाला ती एकदा कडकडून चावते आणि माणसाच्या शंभर रागावण्यांचं काम त्या एका चाव्यात होतं. त्यानंतर दोघांना एका बशीत दूध. मी हे त्यांच्या घरामागच्या अंगणात पाहिलं. पिल्लाचे कान मागे पडलेले, शेपूट खाली, जीभ बशीत आणि डोळा सारखा शेजारच्या पांढऱ्या फेरेटवर. फेरेटने मात्र एकदाही वर पाहिलं नाही. दूध संपल्यावर तिने पिल्लाच्या हनुवटीवरचे थेंब चाटले आणि पिल्लू जागच्या जागी गोठून उभं राहिलं. मालक काही बोलले नाहीत. पिल्लाने श्वास सोडून मान वळवली तेव्हाच त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शाबासकी कोणत्या क्षणाला मिळते यावर सगळं अवलंबून आहे. चाटू दिलं म्हणून शाबासकी दिली नाही. फेरेटकडे दुर्लक्ष केलं म्हणून दिली.

घाई केली तर काय होतं, हे फेरेट पाळणारा प्रत्येकजण जाणतो. पहिल्याच मोसमात उतावळ्या कुत्र्याने बिळातून बाहेर पडणारा फेरेट ससा समजून धरला आणि मारला, अशा गोष्टी या वर्तुळात कितीतरी ऐकायला मिळतात. म्हणूनच बरेच जण पांढराच फेरेट पसंत करतात. सुकलेल्या झुडपांत तो माणसालाही लगेच दिसतो आणि कुत्र्यालाही. आणि असं काही घडलं तर दोष कुत्र्याला देत नाहीत. माणसाने एक पायरी गाळली, एवढाच त्याचा अर्थ लावतात.

पिल्लू फेरेटशी रुळलं की खरं शिक्षण सुरू होतं. बीळ भरलेलं आहे की रिकामं, हे सांगण्याचं. याला ‘मार्क करणं’ म्हणतात. माणसाला बिळाची काही चिन्हं वाचता येतात. तोंडाशी ताजी माती आहे का, लेंड्या ओल्या आहेत का, कोळ्याचं जाळं शाबूत आहे का, वाळलेली पानं आत साठली आहेत का. पण ससा या घटकेला आत आहे की नाही, हे फक्त कुत्र्याला कळतं.

मॉसचं मार्क करणं मी हाताच्या अंतरावरून पाहिलं. शेताच्या कडेला हॉथॉर्नच्या कुंपणाखाली बांध होता आणि त्याला वीसेक तोंडं होती. मॉस वाऱ्याच्या खालच्या बाजूने आली. पहिल्या चार-पाच तोंडांवरून नाक नुसतं फिरवून पुढे गेली. सहाव्याशी थबकली. डोकं आत घातलं नाही. नाक काठापासून वीतभर लांब, पुढचा डावा पाय उचललेला, शेपटीच्या टोकाला जेमतेम जाणवणारी थरथर. मग तिने मान तिरकी केली आणि एक कान जमिनीकडे वळवला. काही क्षणांनी तोच कान हळूहळू उजवीकडे सरकत गेला, जणू खाली कुणी चालत होतं आणि वर ती त्याच्याबरोबर चालत होती. शेवटी तिने मालकाकडे पाहिलं. एवढंच. तिच्या मागे दोरीला बांधलेलं पिल्लू हे सगळं पाहत होतं आणि त्याला मधूनच हुंदका आल्यासारखा आवाज फुटत होता. तो पूर्ण थांबेपर्यंत मालकांनी पुढचं पाऊल टाकलं नाही.

या कामात कुत्र्याशी एक करार असतो आणि तो माणसानेच पाळायचा असतो. कुत्र्याने बीळ दाखवलं तर तिथे फेरेट घालायचाच. दाखवलं नाही तर घालायचा नाही, माणसाला कितीही वाटलं तरी. कुत्र्याने भरलेलं बीळ सांगितलं आणि माणूस ते सोडून पुढे गेला, असं चार-दोनदा झालं की कुत्रा सांगणं सोडून देतो. उलट रिकाम्या बिळावर नुसतं उभं राहूनही फेरेट बाहेर येतो आणि मजा सुरू होते हे कळलं, की तो खोटं सांगू लागतो. माझ्या मते या शिकारीचं सगळं मर्म इथेच आहे. बंदूक, सापळा किंवा विष यांत माणसाला कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही.

जाळी लावणं हे पाय न वाजवता करायचं काम. थैलीच्या आकाराचं, हातभराहून थोडं मोठं जाळं, दोन्ही टोकांना कडी, कडीतून ओवलेली दोरी आणि दोरीला लाकडी खुंटी. जाळं बिळाच्या तोंडावर सैल पसरायचं, खुंटी मातीत रोवायची. ससा येऊन आदळला की दोरी ओढली जाते आणि जाळ्याची थैली बंद होते. माणसांनी बोलायचं नाही. कुणाचा पाय धपकन पडला तर खालचा ससा मागच्या पायाने जमीन ठोकतो आणि सगळी वसाहत सावध होते. मग ते आत अडून बसतात आणि फेरेटला मोठी लढाई करावी लागते. टेरिअर भुंकला तरी हेच होतं. गप्प बसायला शिकवण्यात इतके महिने घालवतात ते याचसाठी.

सगळी तोंडं माणसाला दिसतात असं नाही. ब्लॅकबेरीच्या काटेरी गचपणात लपलेलं एखादं तोंड हमखास सुटतं आणि ससा नेमका तिथून निसटतो. टेरिअरची खरी गरज तिथे असते. मोकळ्या रानात सुटलेला ससा गाठायला व्हिपेट किंवा लर्चरसारखा लांब पायाचा कुत्रा चांगला, हे टेरिअरवालेही मान्य करतात. पण काट्यांच्या दाट वेलांत तो पातळ कातडीचा कुत्रा पाऊल टाकत नाही. टेरिअर जाड केसांच्या जोरावर पोटावर सरपटत आत जातो. ऊन पडलेल्या दिवशी ससे बिळात नसतात, अशाच गचपणात पडून राहतात. तेव्हा आधी टेरिअर सोडून ते उठवतात, ससे बांधाकडे पळून बिळांत शिरतात, कुत्र्याला मागे बोलावतात आणि मग जाळी लावून फेरेट घालतात. एकाच सकाळी त्याच कुत्र्याने आधी धावपळ उडवायची आणि अर्ध्या तासाने खडकासारखं बसायचं.

फेरेटच्या गळ्यातल्या पट्ट्याला छोटा ट्रान्समीटर असतो. पूर्वी नर फेरेटला लांब दोरी बांधून पाठवत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी, म्हणजे किती खोल गेला ते मोजता येई. आता हातातलं यंत्र टिकटिकतं आणि खोली दाखवतं. त्या दिवशी मादी आत सोडली तेव्हा तिने तोंडाशी अंग झाडलं, बाहेर एकदा हुंगलं आणि शेपटी फुलवून आत गेली. मॉसची मान आधीसारखीच जमिनीवरून सरकू लागली. मिनिटभरात खालून गडगडल्यासारखा दबका आवाज आला, एक जाळं उसळलं, दोरी ताणली गेली आणि त्यात ससा. मॉस झेपावली, पुढच्या दोन पंजांनी तिने जाळ्यातला ससा जमिनीशी दाबून धरला आणि तोंड लावलं नाही. मालकांनी ससा काढला, मान आणि मागचे पाय धरून एक झटका दिला. तोंड उघडं राहू नये म्हणून बिळावर लगेच दुसरं जाळं टाकलं, कारण पाठोपाठ आणखी एक येऊ शकतो.

ते मरण मी पाहिलं आणि त्याबद्दल इथे हात आखडता घ्यायचा नाही. दोन सेकंद लागले असतील. याला पर्याय म्हणून शेतकरी बिळात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून तोंडं मातीने बुजवतात. आपल्याकडे धान्याच्या कोठारात किडीसाठी वापरतात त्याच या गोळ्या. ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो आणि आतले सगळे मरतात. लहान, मोठे, दूध पाजणारी मादी, शेजारी चुकून आलेला दुसरा कुणी. मांसही वाया जातं. फेरेटने निघालेला ससा एकेक करून हातात येतो. तो त्याच दिवशी खाटकाकडे किंवा घरच्या पातेल्यात जातो. मागे किती ठेवायचे ते माणूस ठरवू शकतो. शिकारीकडे मन वळत नसलेल्या वाचकाला मी पटवायला बसलेली नाही, पण या दोन मरणांत फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या बांधावर मॉसने एक बीळ दाखवलं आणि मालक वाकून पाहताच सरळ झाले. तोंड रुंद, आडव्या अर्धगोलासारखं, बाहेर मातीचा मोठा ढीग आणि त्यात वाळलेल्या गवताच्या गुंडाळ्या. बॅजर या बीळ करणाऱ्या प्राण्याचं घर. १९९२ च्या कायद्याने त्यात कुत्रा जाऊ देणं गुन्हा आहे, आणि फेरेट घातला तर तो परत येण्याची शक्यताही कमीच. त्यांनी दोन्ही कुत्र्यांना दोरी लावली आणि तो अख्खा बांध सोडून दिला. मॉसची समजूत काढायला पुढच्या बांधावर तिने दाखवलेलं पहिलंच बीळ त्यांनी लगेच घेतलं.

दुपारी फेरेट आतच बसला. आत ससा मारून तिथेच पोट भरून झोपी जातात, ही या धंद्यातली नेहमीची डोकेदुखी. यंत्राने तीन फूट खोली दाखवली. मॉस नेमकी त्या जागी जाऊन बसली आणि मालकांनी फावडं तिथेच मारलं. यंत्र आणि कुत्री यांचं एकमत झालं की खणायचं, असा त्यांचा नियम आहे. ब्रेकलँडची माती वाळूची, खणायला लोण्यासारखी पण ढासळायलाही तशीच. म्हणून शेवटचा हातभर भाग त्यांनी हातांनीच उपसला. इथे कुत्रा अनावर झाला तर तो खड्ड्यात उडी घेतो, माती ढासळते आणि फेरेट गुदमरतो. पिल्लाला त्या वेळी गाडीत ठेवलं होतं. मॉस काठावर बसून होती.

या मातीला एकदा सशांनीच वाळवंट केलं होतं. लेकनहीथच्या वॉरनवर सशांनी आणि मेंढ्यांनी गवत मुळापासून खाल्लं, वादळाने उघडी वाळू उचलली आणि सतराव्या शतकात ती काही मैलांवरच्या सँटन डाउनम गावावर येऊन पडली. घरं गाडली गेली, लिटल ऊझ नदीचं पात्र तुंबलं. थॉमस राइट नावाच्या तिथल्या जमीनदाराने त्याची हकीकत १६६८ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. पुढे जवळच्या ब्रँडन गावात सशाच्या केसांपासून फेल्ट टोप्यांसाठी माल तयार करण्याचा मोठा उद्योग चालला. दुसऱ्या महायुद्धात मटण-गोमांसावर रेशन होतं, सशावर नव्हतं, तेव्हा ज्याच्याकडे एक फेरेट आणि डझनभर जाळी होती त्याच्या घरी कालवणाची ददात नव्हती.

मग मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या एका निवृत्त डॉक्टरने आपल्या इस्टेटीवरच्या सशांचा बंदोबस्त करायला हा विषाणू सोडला आणि १९५३ मध्ये तो इंग्लंडच्या केंट भागात पोचला. काही वर्षांत ब्रिटनमधले जवळजवळ ९९ टक्के ससे मेले. डोळे सुजून बंद झालेले ससे रस्त्यांवर भेलकांडत मरताना लोकांनी पाहिले आणि अनेक घरांतून सशाचं मांस कायमचं गेलं. रोग मुद्दाम पसरवणं १९५४ मध्येच कायद्याने गुन्हा ठरवलं, पण आवरायची वेळ टळून गेली होती. ससे गेल्यावर गवत वाढलं. लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू एका विशिष्ट मुंगीच्या वारुळात वाढतं आणि ती मुंगी उन्हाने तापणाऱ्या, आखूड गवताच्या जमिनीवरच राहते. सशांच्या चरण्यावाचून गवत उंच झालं, मुंगी हटली आणि १९७९ मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. पुढे जेरेमी टॉमस या शास्त्रज्ञाने हे कोडं उलगडल्यावर स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवावं लागलं. ब्रेकलँडमध्ये जमिनीवर अंडी घालणाऱ्या स्टोन कर्ल्यू पक्ष्यालाही असंच खुरटं, उघडं गवत लागतं.

ससे रोगाशी झगडून सावरले, तोवर १९९२ मध्ये रक्तस्रावाचा दुसरा विषाणू आला आणि नंतर त्याचाच नवा प्रकार. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ब्रिटनमधल्या सशांची संख्या निम्म्याहून खाली आली आहे. मूळ देशात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये, तर या जातीची नोंद आता धोक्यातल्या जातींत झाली आहे. ज्या ब्रेकलँडने सशांपासून गाव वाचवण्याची धडपड केली, तिथेच आज निसर्ग राखणारी मंडळी फांद्यांचे ढीग रचून त्यांना आसरा देत आहेत. आणि त्याच मुलखात काही मैलांवर एखाद्या शेतकऱ्याच्या कोवळ्या गव्हाचा बांधालगतचा पट्टा ससे जमिनीसपाट करतात. ससा एका ठिकाणी नकोसा आणि दुसऱ्या ठिकाणी हवाहवासा असतो, आणि कुठे किती हे कळायला प्रत्येक बांध पायाखालून गेलेला माणूस लागतो. न्यूझीलंडने एकोणिसाव्या शतकात उलटं केलं. सशांच्या बंदोबस्तासाठी फेरेटच रानात मोकळे सोडून दिले. ते ससे सोडून किवीसारख्या न उडणाऱ्या पक्ष्यांवर तुटून पडले आणि २००२ पासून तिथे फेरेट विकायला आणि त्यांची पैदास करायला बंदी आहे. सोबत माणूस आणि कुत्रा नसला की फेरेट काय करतो ते त्या देशाला कळलं.

इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या फेब्रुवारीपासून कुत्र्यांनी कोल्हा किंवा हरीण मारणं बंद झालं. सशाला मात्र, जमीनमालकाची परवानगी असेल तर, सूट राहिली. स्कॉटलंडने २०२३ च्या कायद्यात ससाही संरक्षणाच्या व्याख्येत आणला आणि कुत्रे वापरण्यावर बंधनं घातली. त्यामुळे पुढे काय होईल याची चर्चा फेरेटवाल्यांत सतत असते. माझ्या यजमानांची काळजी कायद्याची नव्हती. ती पिल्लाची होती.

त्यांच्या नेहमीच्या शेतावर रोगाची लाट येऊन गेली आहे. बांधातल्या वीस तोंडांपैकी चार-पाचच जिवंत आहेत आणि तिथले ससे आता मारायचे नाहीत असं त्यांनी आणि शेताच्या मालकाने ठरवलं आहे. मॉसला त्याने फरक पडत नाही, तिचं शिकणं संपलं. पण पिल्लाने बीळ दाखवलं आणि फेरेट घातला नाही तर ते दाखवणं विसरेल. घातला तर उरलेली वसाहत संपेल. पिल्लाला त्या बांधावर नेणंच त्यांनी बंद केलं. हिवाळ्याच्या शेवटी त्यांना केंब्रिजशरमधल्या एका शेतकऱ्याने बोलावलं, जिथे ससे अजून भरपूर आहेत आणि पेरलेला गहू दरवर्षी बांधाच्या कडेने साफ होतो. आठवड्यातून एकदा ते पिल्लाला घेऊन तिकडे जातात. डिझेलचा खर्च सशांच्या किमतीतून निघत नाही, आणि निघावा अशी त्यांची अपेक्षाही नाही. परवानगी मार्चअखेरपर्यंतची आहे. त्यानंतर बिळांत सशांची पिल्लं असतात, आणि फेरेट शरद ऋतूपर्यंत पेटीतच राहतो.